चिल्लर संपली तेव्हा

नाणकशास्त्र म्हटले की आपल्याला सातवाहनांची नाणी आठवतात, शिवराई आठवते. राजा, टांकसाळ, सोने-चांदी असा सगळा थाट. या पुस्तकातली नाणी त्या पंगतीत बसणारी नाहीत. ती काढली जर्मनीतल्या नगरपालिकांनी, जस्ताची आणि लोखंडाची. तीही बाजारात मोड मिळेना म्हणून.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि लोकांनी सोन्या-चांदीची नाणी घरात दडवली. पुढे सरकारलाच निकेल आणि तांबे हवे झाले. चिलखती पोलादाला निकेल लागे, काडतुसांच्या पितळेला तांबे. आणि पाच-दहा फेनिगची नाणी नेमकी याच दोन धातूंची! सरकारने त्यांच्या जागी लोखंडी नाणी पाडली, पण ती पुरेनात. मग गावोगावच्या पालिकांनी खासगी कारखान्यांतून आपापली नाणी पाडून घेतली. नाणे पाडणे हा खरे तर राज्याचा अधिकार. सरकारने बराच काळ काणाडोळा केला. या चलनाला जर्मन माणूस ‘नोटगेल्ट’ म्हणतो, म्हणजे अडीअडचणीचा पैसा. आपल्याकडे १९४३ साली तांबे वाचवायला भोकाचा पैसा निघाला, तो ज्यांनी हाताळला आहे त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

नवा संग्राहक आधी भुलतो तो माइसेनच्या तांबूस चिनीमातीच्या नाण्यांना. १९२०-२१ ची ही नाणी देखणी आहेत यात वाद नाही, पण त्यांतली पुष्कळशी थेट हौशी लोकांच्या कपाटात गेली. बॉन शहराने १९२० साली बेथोव्हेनच्या जन्माला दीडशे वर्षे झाली म्हणून त्याचा चेहरा लोखंडावर उमटवला, तिथेही गरजेत हौस मिसळलेली दिसते. मला विचाराल तर १९१७ चे एखादे काळवंडलेले, अष्टकोनी, जस्ताचे दहा फेनिग जास्त बोलके. त्याच्या कडा झिजल्या आहेत, कारण त्याने खरोखर बाजार केला आहे.

पुढच्या महागाईत वेस्टफालिया प्रांताच्या नाण्यावर १९२३ साल घालून एक लाख कोटी मार्क हा आकडा आला. ती कथा शेवटच्या प्रकरणात येईल.

सुरुवात करणाऱ्यांना एकच विनंती. जस्त पांढरट पडते, लोखंड गंजते. म्हणून नाणे कोरड्या जागी ठेवा आणि काही झाले तरी त्याला चिंच लावून घासू नका.