मिठागरातलं आगर

नवघरहून खाडीच्या दिशेनं निघालं की भाईंदरची मिठागरं लागतात. तिथे मीठ तयार होत नाही, ‘पिकतं’. चार महिने धो धो पाऊस, उरलेले आठ कोरडे. पावसात बांधाआड भात घ्यायचा, पाऊस सरला की भरतीचं पाणी वाफ्यांत कोंडून उन्हावर मीठ. आगरावर राबणारा तो आगरी.

पण हे आगर आलं कुठून? सहज सुचतं ते संस्कृत ‘आगार’, म्हणजे घर, कोठी. एसटीनं डेपोला दिलेलं नाव तेच. मला ही व्युत्पत्ती पटत नाही. ‘आगार’ मराठीत रुळताना त्यातला ‘ग’ टिकत नाही: कोष्ठागाराचं कोठार झालं, भांडागाराचं भांडार. या चालीनं मिठागराचं ‘मिठार’ व्हायला हवं होतं. दुसरा उमेदवार ‘आकर’, म्हणजे खाण. मकराची मगर होते, तसं आकराचं आगर. उच्चाराची वाट इतकी सरळ असताना कोठारात शिरायचं कशाला?

मीठ आणि खाण ही जोडी आज विचित्र वाटेल. कौटिल्याला ती वाटली नाही. अर्थशास्त्रात त्यानं सोनं, चांदी, हिरे, मोती यांच्या रांगेत मीठही ‘खनि’खालीच मोजलंय, आणि मिठावरचा अधिकारी, लवणाध्यक्ष, खाणींच्याच प्रकरणात येतो. आपल्याकडचा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यात आहे. गौतमीपुत्र सातकर्णीनं भिक्षूंना शेत दिलं, तेव्हा त्या शेताला मिळालेल्या सवलतींत एक होती ‘अलोणखादक’: या जमिनीत मिठासाठी खणायचं नाही.

मग दिवेआगर, गुहागरचं काय? तिथलं आगर म्हणजे नारळी-पोफळीची वाडी; ती खाण कशी? इथे ‘आकर’चा दुसरा अर्थ कामी येतो: एखादी गोष्ट जिथे उदंड असते ती जागा. रत्नाकर, कमलाकर ही नावं त्यातूनच आली. कुणाला ‘गुणांचं आगर’ म्हणतो, तेव्हाही कोठीपेक्षा हा उपजाऊपणाच मनात असतो. कोठीत आधी भरावं लागतं.

नवघर नावाची गावं वसईला, मुलुंडला, उरणलाही आहेत, आणि या सगळ्या पट्ट्यात मिठागरं. त्यामुळे ‘घर’सुद्धा आगराशी जोडायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. ते घर गृहाचंच.