पाणी कुठून आलं?

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलो की मी झाडांआधी पाणी बघतो. मी बीडचा, पाणी आलं कुठून, हाच माझा पहिला प्रश्न. इथलं येतं शेजारच्या कालव्यातून, उतारानं खळाळत. या बागेचा मूळ नमुना जपानमधल्या ओकायामाचं कोराकुएन. इकेदा त्सुनामासा या सरदारानं १६८७ मध्ये ते करायला घेतलं, १७०० मध्ये पुरं झालं. सामान्यांना ते खुलं झालं १८८४ मध्ये. तिथे शोभेच्या हिरवळीशेजारी भातखाचरंही राखलीत, याचं मला फार अप्रूप.

आमची खजाना विहीर कोराकुएनहून शंभरेक वर्षांनी जुनी, अहमदनगरच्या निजामशाहीतली. तिचं पाणीही मोटेविना, जमिनीखालच्या पाटानं थेट शेतात उतरतं.