डिकॉय (हरणांची धनुष्यबाणाने शिकार)

डिकॉय म्हणजे सावजाने फसून जवळ यावे यासाठी मांडलेली प्राण्याची प्रतिकृती. बदकांच्या शिकारीत तिचा वापर सर्वाधिक परिचित आहे. तथापि उत्तर अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणांची शिकार करणारेही डिकॉय वापरतात. प्रस्तुत लेख पांढऱ्या शेपटीचे हरीण आणि एल्क या दोन प्राण्यांच्या शिकारीपुरता मर्यादित आहे. युरोपात 'एल्क' हे नाव मूस या वेगळ्या प्राण्याला दिले जाते. येथे एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतील वापिटी, आपल्या सांबराचा दूरचा पण आकाराने मोठा नातलग.

== आवश्यकता ==
बंदुकीने दोनशे मीटरवरून हरीण टिपता येते. धनुष्यबाणाचे तसे नाही. आधुनिक कंपाउंड धनुष्यानेही बहुतेक शिकारी वीस ते पस्तीस मीटरपलीकडे बाण सोडणे टाळतात. बाणाचा वेग सेकंदाला साधारण ८० ते ९० मीटर असतो, तर ध्वनीचा सुमारे ३४० मीटर. वीस मीटरवरच्या हरणाला प्रत्यंचेचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी ऐकू येतो. सावध असलेले हरीण त्या पाव सेकंदात उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली दबते आणि फुप्फुसांवर रोखलेला बाण पाठीत लागतो किंवा वरून निघून जातो. जखमी हरीण मग मैलोगणती पळते व पुष्कळदा सापडतही नाही.

दुसरी अडचण धनुष्य ओढण्याची. बंदूक आधीच रोखून धरता येते. धनुष्य मात्र सावज जवळ आल्यावर त्याच्या देखत ओढावे लागते. डिकॉयचा खरा उपयोग येथे आहे. तो हरणाला केवळ जवळ आणत नाही, तर त्याची नजर शिकाऱ्यावरून हटवून दुसरीकडे खिळवतो आणि हरीण कोणत्या अंगाने उभे राहील हेही बऱ्याच अंशी ठरवतो.

== इतिहास ==
सोंग घेऊन हरणाजवळ जाण्याची कल्पना अतिप्राचीन आहे. इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात स्टार कार येथे इ.स.पू. ९००० च्या सुमारास वापरलेले, लाल हरणाच्या कवटीचे शिंगांसह कोरलेले शिरोभूषण मिळाले आहेत. ते शिकारीतील सोंग होते की धार्मिक विधीतील, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. उत्तर अमेरिकेतील पुरावा अधिक स्पष्ट आहे. फ्लोरिडातील तिमुकुआ लोक हरणाचे अखंड कातडे पांघरून पाणवठ्यावरच्या हरणांवर बाण सोडत असल्याचे चित्र थिओडोर डी ब्राय याने १५९१ साली प्रसिद्ध केले. नेव्हाडातील लव्हलॉक गुहेत १९२४ साली सापडलेले बोरूचे बदक-डिकॉय सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

आधुनिक धनुष्यशिकारीचा धागा इशी या याही जमातीच्या अखेरच्या ज्ञात व्यक्तीपर्यंत जातो. १९११ साली तो कॅलिफोर्नियात बाहेरच्या जगासमोर आला. सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून १९२३ साली 'हंटिंग विथ द बो अँड ॲरो' हे पुस्तक लिहिले. पेंढा भरलेले हरणाचे मुंडके स्वतःच्या डोक्यावर ठेवून झुडपाआडून ते हलवायचे व हरणांचे कुतूहल चाळवायचे, ही इशीची पद्धत पोपने नोंदवली आहे. आजचा प्लॅस्टिकचा डिकॉय याच युक्तीचा वारस म्हणता येईल. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली केवळ धनुष्यबाणासाठी हरणांचा स्वतंत्र हंगाम ठेवला. पुढे इतर राज्यांनीही तसे हंगाम सुरू केले.

== पांढऱ्या शेपटीचे हरीण ==
डिकॉयचे यश माजाच्या काळावर अवलंबून असते. अमेरिकेच्या उत्तर भागात हा काळ नोव्हेंबरच्या मध्यास शिगेला पोहोचतो. त्याआधीचे दोन-तीन आठवडे, म्हणजे नर परस्परांशी स्पर्धा करू लागलेले पण माद्यांच्या मागे अद्याप पूर्ण गुंतलेले नसतात तेव्हा, नराचा डिकॉय सर्वांत परिणामकारक ठरतो.

नराच्या आणि मादीच्या डिकॉयची मांडणी वेगळी असते. आव्हान द्यायला आलेला नर प्रतिस्पर्ध्याला वळसा घालून त्याच्या तोंडासमोर येतो. म्हणून नराच्या डिकॉयचे तोंड शिकाऱ्याच्या मचाणाकडे ठेवतात. मादीकडे मात्र नर मागील बाजूने जातो. म्हणून तिची पाठ मचाणाकडे असते. दोन्ही मांडण्यांत खरे हरीण डिकॉय आणि मचाण यांच्यामध्ये येऊन आडवे उभे राहावे, हाच हेतू असतो. नराच्या डिकॉयला भरघोस शिंगे लावणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. अशा दांडग्या प्रतिस्पर्ध्याला पाहून मध्यम वयाचे नर काढता पाय घेतात. अनुभवी शिकारी लहान शिंगे लावतात. काही जण तर एक शिंग काढूनच टाकतात.

डिकॉय मचाणापासून सुमारे वीस मीटरवर, वारा त्याच्याकडून शिकाऱ्याकडे वाहील अशा ठिकाणी ठेवतात. हरीण दिसलेल्या गोष्टीवर भरवसा ठेवत नाही. वास घेऊन खात्री करण्यासाठी ते वळसा घालून डिकॉयच्या वाऱ्याखालच्या बाजूला येते, आणि नेमके तेथेच ते बाणाच्या टप्प्यात सापडते. प्रतिकृतीला माणसाच्या हाताचा वास लागला असेल तर मात्र सारा खटाटोप वाया जातो. त्यामुळे ती रबरी हातमोजे घालूनच हाताळतात. रंगाचे महत्त्व त्यामानाने कमी, कारण हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात आणि नारिंगी-लाल छटा त्याला नीट वेगळ्या दिसत नाहीत. हालचाल मात्र त्याच्या चटकन लक्षात येते. पूर्ण निश्चल डिकॉयकडे माद्या टक लावून पाहतात, पुढचा पाय आपटतात, फुरफुरतात आणि आजूबाजूच्या सर्वांना सावध करतात. शेपटीच्या जागी वाऱ्यावर हलणारी पांढरी चिंधी बांधण्याचा साधा उपाय यावर लागू पडतो.

== एल्क ==
एल्कच्या शिकारीत डिकॉय हा आवाजाचा साहाय्यक असतो. सप्टेंबरातील माजाच्या काळात नर उंच शिळेसारखी दीर्घ साद घालतात व माद्या मांजरासारखा बारीक आवाज काढतात. शिकारी या आवाजांची नक्कल करतात. मात्र सादेला उत्तर देत आलेला नर बहुधा साठ-सत्तर मीटरवर थबकतो. जेथून आवाज आला तेथे मादी दिसायला हवी, आणि ती दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी कापडावर छापलेली, घडी घालता येणारी मादीची सपाट प्रतिकृती वापरतात. डोंगराळ मुलखात पाठीवरून न्यायला तीच सोयीची. सामान्यतः दोघे मिळून शिकार करतात. आवाज काढणारा डिकॉयसह मागे लपतो, बाण सोडणारा त्याच्या चाळीस-पन्नास मीटर पुढे बसतो. नराचे सारे लक्ष मागच्या प्रतिकृतीकडे असते.

== धोके, कायदे आणि वाद ==
डिकॉय जितका हुबेहूब, तितका तो माणसालाही फसवतो. त्यामुळे बंदुकीच्या हंगामात तो वापरणे धोक्याचे असून, रानातून नेताना तो भडक नारिंगी कापडात गुंडाळण्याचा दंडक पाळला जातो. धनुष्यालाच बसवायच्या, ज्याआड शिकारी स्वतः लपतो अशा प्रतिकृती याच कारणाने अधिक जोखमीच्या आहेत. यांत्रिक हालचालीच्या डिकॉयविषयी राज्यागणिक नियम भिन्न आहेत. डिकॉयजवळ शिंपडण्यात येणाऱ्या हरणाच्या नैसर्गिक मूत्रावर अनेक राज्यांनी बंदी घातली आहे, कारण १९६७ साली कोलोरॅडोत प्रथम आढळलेला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा प्राणघातक मेंदूविकार त्यातून पसरण्याची भीती आहे. गंमत अशी की वन्यजीव अधिकारीही डोके व शेपटी हलवणारे यांत्रिक हरीण रस्त्याकडेला उभे करून चोरट्या शिकाऱ्यांना पकडतात.

प्रजननाच्या ओढीचा असा फायदा घेणे न्याय्य आहे काय, हा वाद जुना आहे. समर्थकांचे उत्तर असे की निर्धास्त, जवळ आणि आडव्या उभ्या प्राण्याला बाण अचूक लागतो व तो लवकर मरतो. हा युक्तिवाद शांतपणे आलेल्या हरणापुरता खरा आहे. डिकॉयवर संशय घेऊन ताठरलेले हरीण उलट नेहमीपेक्षा अधिक वेगाने दबते.

== भारतातील संदर्भ ==
मोगल दरबारात शिंगांवर जाळे बांधलेले पाळीव हरीण रानटी नरांच्या अंगावर सोडून त्यांना पकडत, असे वर्णन 'आईन-ए-अकबरी'त आहे. महाराष्ट्रातील गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जात. त्यांचे नावच त्यावरून पडले. रामायणातील मारीच हा मृगरूपी डिकॉयच, फक्त तेथे फसतो तो धनुर्धारी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतात सांबर, चितळ, काळवीट आदींच्या शिकारीस मनाई असून, वन्य प्राण्याला आमिष दाखवणे व तसा प्रयत्न करणे यांचाही 'शिकार' या संज्ञेत समावेश होतो.