क्वारंटाइनचा खर्च कोणावर?
(इ. स. १८९७ च्या कायद्यांतील एका वाक्याचा विचार)

इ. स. १८९७ च्या फेब्रुवारीच्या ४ तारखेस, म्हणजे शके १८१८ च्या माघ शुद्धांत, कलकत्त्यास गव्हर्नर जनरलच्या कायदे कौन्सिलांत साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा होता. मुंबईंत मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं २३ सप्टेंबर १८९६ रोजीं गांठीच्या तापाचा रोगी ओळखल्यापासून पांच महिन्यांच्या आंत तो घाईनें करण्यांत आला. त्याच्या दुसऱ्या कलमानें आगगाडीनें वा अन्य रीतीनें प्रवास करणारांची तपासणी करण्याचा व संशयितांस वेगळें ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला. हें सर्वश्रुत आहे. परंतु त्याच कलमांत, होणारा खर्च, नुकसानभरपाई द्यावयाची असल्यास तीहि धरून, कोणी व कोणत्या रीतीनें सोसावयाचा हेंहि सरकारनेंच ठरवावें, असें एक लहानसें वाक्य आहे. पुण्यांतील झडत्या, रँडसाहेबाचा वध व टिळकांवरील खटला यांविषयीं विपुल लिहिलें गेलें आहे. त्या मानानें या वाक्याकडे लक्ष थोडें गेलें. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे: साथीच्या काळीं घरीं परतणाऱ्या प्रवाशास अडकवून ठेवावें लागलें, तर त्याचा भार न्यायतः कोणावर पडावा?

हा प्रश्न लेखकास पोथींत सुचला नाहीं. इ. स. २०२० च्या उन्हाळ्यांत, ज्या शाळेंत मीं अनेक वर्षें संस्कृत शिकविलें, तिच्याच वर्गांत मुंबईहून परतलेल्या चाकरमान्यांस चौदा दिवस ठेवण्यांत आलें. त्यांतील एक माझा जुना विद्यार्थी. खिडकीच्या गजांपलीकडून तो म्हणाला, "गुरुजी, आजारी मी नाय, नि दिवस मात्र माझे गेले." त्या वेळीं मजपाशीं उत्तर नव्हतें. पुढील विवेचन हें त्या उत्तराचा शोध होय.

(१) पूर्वपीठिका

स्पर्श, निःश्वास, सहभोजन व सहशय्या यांनीं कांहीं रोग एकापासून दुसऱ्यास होतात, हें सुश्रुताच्या निदानस्थानांत स्पष्ट सांगितलें आहे. पण प्रवाशास वेशीवर थोपवून ठेवण्याचा विधि तेथें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत रोगराईची गणना अग्नि, पूर, दुर्भिक्ष, उंदीर इत्यादि आठ दैवी आपत्तींत केली असून त्यांचें निवारण हें राजाचें कर्तव्य म्हटलें आहे. त्याच ग्रंथांत मुद्राध्यक्ष नांवाचा अधिकारी येतो. तो प्रवाशास एक माषक घेऊन परवाना देतो, व परवान्यावांचून देशांत फिरणारास बारा पणांचा दंड होतो. म्हणजे प्रवाशाकडून पैसा घेणें हें आपल्याकडे नवें नव्हे. परंतु ती रक्कम अल्प, ठरीव व आधींच जाहीर असे. हे तीन गुण वाचकांनीं ध्यानांत ठेवावेत.

क्वारंटाइन ही संस्था युरोपांतील. एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा नगरानें इ. स. १३७७ मध्यें साथीच्या प्रदेशांतून येणाऱ्यांस नगराबाहेर एक महिना राहावें असा नियम केला. पुढें तिसांचे चाळीस दिवस झाले, व इटालियन भाषेंतील चाळीस या संख्येवरून हा शब्द रूढ झाला. व्हेनिसनें इ. स. १४२३ मध्यें त्यासाठीं कायमचें रुग्णालय एका बेटावर उभारलें. तांबड्या समुद्रांतील कामरान बेटावर तुर्की सरकारनें इ. स. १८८२ पासून हिंदुस्थानांतून जाणाऱ्या हज यात्रेकरूंस अडकवून ठेवण्याची व्यवस्था केली. तेथें अडकून पडणारा यात्रेकरूच त्या अडकण्याची फी भरीत असे.

(२) कूरलँड व नादेरी

आतां ज्या प्रकरणांत खर्च, न्याय व मुंबई या तिहींचा संबंध एकत्र येतो, त्याकडे वळूं. मोहनदास करमचंद गांधी हे बायकामुलांसह ३० नोव्हेंबर १८९६ रोजीं मुंबईहून 'कूरलँड' बोटीनें निघाले. 'नादेरी' दोन दिवस आधीं निघाली होती. दोन्ही बोटी १८ डिसेंबर रोजीं, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध पक्षांत, नाताळ वसाहतींतील डरबन बंदरास लागल्या. गांधींच्या आत्मचरित्रांत उतारूंची संख्या सुमारे आठशें दिली आहे. परंतु १५ मार्च १८९७ च्या ज्या अर्जांत त्यांनींच हें सर्व प्रकरण वसाहतमंत्री चेंबरलेन यांच्यापुढें मांडलें, त्यावरून ती सुमारे सहाशें ठरते. आत्मचरित्र जवळजवळ तीस वर्षांनंतरचें आहे. सबब समकालीन अर्ज अधिक विश्वसनीय मानला पाहिजे.

बोटींवर एकहि रोगी नव्हता. मुंबई हें बंदर दूषित असल्याचा जाहीरनामा मात्र बोटी बंदरास लागतां लागतांच निघाला. डरबनच्या डॉक्टरांचें मत असें कीं, प्लेगचें बीज शरीरांत तेवीस दिवसांपर्यंत सुप्त राहूं शकतें. म्हणून मुंबई सोडल्यापासून तेवीस दिवस पुरे होईपर्यंत, म्हणजे आणखी पांच दिवस, बोटी थांबवाव्या. येथें साधें गणित करून पाहावें. ३० नोव्हेंबरपासून तेवीस दिवस २३ डिसेंबरला भरतात. उतारू किनाऱ्यास लागले ते १३ जानेवारी १८९७ रोजीं, म्हणजे मुंबई सोडल्यापासून चव्वेचाळिसाव्या दिवशीं! डॉक्टरांचाच आंकडा प्रमाण धरला, तरी वरचे एकवीस दिवस कशाचे? त्याच वर्षीं व्हेनिस येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें प्लेगची मुदत दहा दिवसांची धरली. त्या मापानें तर डरबनला पोंचण्यापूर्वींच ती संपली होती.

वरचे दिवस रोगाचे नव्हते, राजकारणाचे होते. डरबनच्या गोऱ्या रहिवाशांनीं सभा भरवून हिंदी लोकांस परत धाडण्याची मागणी चालविली होती. उतारूंस धमक्या देण्यांत आल्या, आणि परत फिरल्यास भाडेंहि मिळेल असें आमिष दाखविण्यांत आलें. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीनें मात्र नुकसान सोसून बोटी परत नेण्यास नकार दिला. खर्चाची वांटणी पाहावी. बोटींच्या खोळंब्याचा तोटा मालकांस, अंथरुणेंपांघरुणें जाळली तीं उतारूंचीं, व अडकलेल्यांचा शिधा डरबनच्या हिंदी रहिवाशांनीं वर्गणी करून पुरविला. ज्या वसाहतीच्या रक्षणार्थ हें सर्व चाललें होतें असें सांगण्यांत आलें, तिच्या खजिन्यास यांतील कशाचीच झळ लागली नाहीं. उतारू उतरल्यावर गांधींस रस्त्यावर मारहाण झाली, व पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांच्या पत्नीनें छत्री आड धरून त्यांस वांचविलें, हें प्रसिद्धच आहे. त्याहून महत्त्वाचें हें कीं, त्याच वर्षीं नाताळांत क्वारंटाइनचा व परदेशीयांच्या प्रवेशास आळा घालणारा असे दोन कायदे झाले. रोगाच्या निमित्तानें उभारलेली भिंत रोग गेल्यावरहि उभी राहिली.

(३) आगगाडीचा उतारू

इकडे मुंबई इलाख्यांत काय चाललें होतें? इ. स. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती. पैकीं जवळजवळ निम्मे लोक १८९७ च्या आरंभापर्यंत शहर सोडून गेले असा अंदाज आहे. कल्याणसारख्या स्टेशनांवर तपासणी चाले. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंस फलाटावर उतरवून रांगेंत उभें करीत. वरच्या वर्गाच्या उतारूंस बहुधा डब्यांतच पाहत, आणि संशयावरून छावणींत पाठविण्याचा प्रसंग त्यांजवर क्वचित् येई. मद्रास इलाख्यांत दूषित मुलुखांतून येणाऱ्यास 'प्लेग पासपोर्ट' देत, व त्याला दहा दिवस रोज अधिकाऱ्यापुढें हजेरी द्यावी लागे. ही हजेरी वकिलास अडचणीची होती. रोजंदारीच्या मजुरास मात्र ती दहा दिवसांच्या मजुरीची होती. दंड म्हणून कोणी तिची नोंद केली नाहीं, पण ती दंडच होती.

आणि एवढें करून साधलें काय? इ. स. १८९८ मध्यें कराचींत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनें प्लेग उंदरांवरील पिसवांच्या द्वारें पसरतो असें दाखविलें. पुढें १९०५ नंतरच्या संशोधनानें तें सिद्ध झालें. लक्षावधि उतारू तपासले गेले, सांपडलेले रोगी फारच थोडे. माणसांच्या बगला चांचपल्या जात होत्या, आणि मांडवीच्या वखारींतील धान्याच्या गोण्या उंदीर-पिसवांसह पुढें जात होत्या. अज्ञानाचा दोष तत्कालीन अधिकाऱ्यांस देणें बरोबर होणार नाहीं, कारण ज्ञानच नव्हतें. परंतु अज्ञानाचें मोल कोणी दिलें, हें इतिहासानें नोंदविलेंच पाहिजे.

(४) इ. स. २०२० नंतर

कोविडच्या साथींत मार्च २०२० मध्यें याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेण्यांत आला. महाराष्ट्रांत घरीं विलग राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारूं लागले. ७ मे २०२० पासून परदेशांत अडकलेल्यांस आणणारीं विमानें सुरू झालीं. २४ मे रोजींच्या केंद्र सरकारच्या सूचनांनुसार येणाऱ्या प्रत्येकास चौदा दिवसांचें विलगीकरण ठरलें: सात दिवस संस्थेंत, स्वतःच्या खर्चानें, व सात दिवस घरीं. गर्भवती, घरांत मृत्यु झालेले, गंभीर आजारी व दहा वर्षांखालील मुलांचे आईबाप यांस सवलत होती. आखातांतील नोकरी जाऊन रिकाम्या हातानें परतणारा कामगार व सहलीहून परतणारा धनिक यांस नियम एकच होता.

इतर देशांचे आंकडेहि पाहावेत. न्यू साऊथ वेल्सनें जुलै २०२० पासून दर प्रौढामागें ३,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आकारले. इंग्लंडनें फेब्रुवारी २०२१ पासून हॉटेलांतील मुक्कामास १,७५० पौंड. मे २०२१ मध्यें तर ऑस्ट्रेलियानें हिंदुस्थानांतून परतणाऱ्या आपल्याच नागरिकांस कांहीं दिवस प्रवेशबंदी केली, व ती मोडल्यास पांच वर्षांपर्यंत कैद अथवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड ठेवला. डरबनच्या धक्क्याची आठवण येथें सहज होते. न्यूझीलंडनें ऑगस्ट २०२० पासून ३,१०० डॉलर आकारले, पण त्यांत एक भेद राखला: आधींच परदेशीं असून दीर्घ मुक्कामासाठीं घरीं येणाऱ्या नागरिकास माफी, आणि नियम झाल्यावर बाहेर जाऊन येणारास व अल्प मुक्कामासाठीं येणारास आकार.

(५) पूर्वपक्ष व सिद्धांत

पूर्वपक्ष असा: प्रवासी स्वतःच्या कामासाठीं जातो, जो गांवींच राहिला त्यानें आपल्या करांतून त्याचा मुक्काम कां पोसावा? शिवाय मुक्काम फुकट झाला तर अनावश्यक प्रवास वाढेल. हा पूर्वपक्ष दुबळा नाहीं.

तथापि मीमांसाशास्त्राची एक कसोटी येथें लागू पडते. जैमिनींच्या सूत्रांच्या तिसऱ्या अध्यायांत असा निर्णय आहे कीं, यज्ञाचें फल यजमानाचें, म्हणून ऋत्विजांस मोबदला देऊन आणणें हेंहि यजमानाचेंच काम. ऋत्विज श्रम करतो, पण फलाचा स्वामी तो नव्हे. निरोगी प्रवासी चौदा दिवस कोंडून घेतो, तेव्हां फल कोणाचें? तो आजारी नाहीं. त्याला औषध मिळत नाहीं. रक्षण होतें तें गांवाचें. गांव यजमान, प्रवासी ऋत्विज. मग दक्षिणा ऋत्विजाकडूनच उकळणें हें विपरीत होय.

या कसोटीला एक मर्यादा आहे, ती लपवितां येत नाहीं. नियम ठाऊक असून जो हौसेनें बाहेर गेला, त्यानें आपण होऊन ऋत्विजत्व पत्करलें आहे. त्यास खर्च लावणें अन्यायाचें नाहीं. म्हणून सिद्धांत तीन अंगांचा ठरतो. पहिलें, अडकविण्याची मुदत रोगाच्या मापानें असावी, लोकक्षोभाच्या मापानें नव्हे. दुसरें, खर्च ज्याचें रक्षण होतें त्यानें सोसावा. तिसरें, प्रवाशाकडून कांहीं घ्यावयाचेंच असेल तर तें कौटिल्याच्या माषकाप्रमाणें अल्प व ठरीव असावें, आणि प्रवासास निघण्यापूर्वीं जाहीर झालेलें असावें. कूरलँडच्या प्रकरणांत तिन्ही अंगें मोडलीं. न्यूझीलंडच्या भेदांत तिसरें अंग पुष्कळसें पाळलें गेलें; तरी तेथेंहि जागा सोडतीनें मिळत असल्यानें नागरिकांस ताटकळावें लागलें, आणि एप्रिल २०२२ मध्यें तेथील उच्च न्यायालयानें त्या पद्धतीनें कित्येकांच्या स्वदेशीं परतण्याच्या हक्कावर असमर्थनीय मर्यादा पडली असा निर्णय दिला. ताटकळणें हाहि खर्चच आहे.

विलगीकरण मुळांतच अन्यायाचें, असें येथें मुळींच म्हणावयाचें नाहीं. साथ खरी होती, भीतीहि खरी होती. परंतु १८९७ च्या कायद्यानें खर्चाचा प्रश्न विचारला व उत्तर सरकारच्या मर्जीवर सोडलें. तें मोकळें स्थान २०२० पर्यंत मोकळेंच राहिलें.

असो. शेवटीं संग्राहक वाचकांस एक विनंती. जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना प्लेगच्या वेळचे पास, छावणीच्या पावत्या, जाळलेल्या सामानाच्या याद्या हातीं आल्यास त्या रद्दी समजून टाकूं नयेत. तसेंच २०२० च्या हॉटेलच्या पावत्या व प्रवासाचे परवानेहि आजच जपून ठेवावे. त्या पावत्यांवरील शाई उष्णतेनें उमटलेली असते; कांहीं वर्षांत कागद कोरा होतो, आणि मोबाईलवरचे परवाने तर कधींच नाहींसे झाले. मोडी कागद दोनशें वर्षें टिकला, हा दहा वर्षेंहि टिकणार नाहीं. आमच्या शाळेंतील त्या चौदा दिवसांच्या शिध्याचा हिशेब एका मुलाच्या वहीच्या मागल्या पानावर लिहिलेला आहे: तांदूळ कोणी दिले, गाद्या कोणाच्या घरून आल्या, चहापत्तीचे पैसे कोणी भरले. तें पान मीं जपून ठेविलें आहे. त्यावरून एवढें दिसतें कीं, कायद्यानें जें ठरविलें नाहीं तें त्या गांवानें न सांगतां ठरविलें होतें. माझ्या विद्यार्थ्याचे चौदा दिवस मात्र त्या हिशेबांत कोठेंच मांडलेले नाहींत.