कोयनेच्या पोटाला लावलेले कान

१५ नोव्हेंबर २०१७ ला अर्जेंटिनाची 'सान हुआन' पाणबुडी दक्षिण अटलांटिकमध्ये बेपत्ता झाली. आत ४४ माणसं. अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, असेन्शन आणि क्रोझे बेटांजवळ आहेत. हजारो किलोमीटरवरून त्यांनी एक विचित्र आवाज टिपला होता. प्रत्येक ठिकाणी तीन-तीनचा संच असतो. कुठल्याला आवाज आधी पोचला, कुठल्याला नंतर, यावरून दिशा कळते. दोन दिशा जिथे छेदतात तिथे शोधायचं. वर्षभराने अवशेष सापडले ते त्याच टापूत.

आता म्हणाल, आपल्या सातारा-सांगलीत समुद्र कुठाय? नाही. पण शिवसागर आहे, १०५ टीएमसीचा. आणि त्याच्या खालचा आवाज ऐकायला आपण साठ वर्षं कान लावून बसलोय.

१९६२ च्या सुमारास कोयनेत पाणी साठायला लागलं, आणि आसपासच्या लोकांना हादरे जाणवू लागले. सोबत सुरुंग उडवल्यासारखे आवाज. दख्खनचं पठार म्हणजे एकदम स्थिर, असं तेव्हा सगळे धरून चालले होते. तरी भूकंपमापक बसवले गेले, हे चांगलं झालं. सप्टेंबर १९६७ मध्ये ५ च्या वरचा धक्का बसला. मग ११ डिसेंबर, पहाटे चारनंतर, गाव साखरझोपेत असताना ६.३ चा. कोयनानगर कोसळलं, जवळपास दोनशे माणसं गेली.

माझी आजी पाटण तालुक्यातली. ती सांगायची, "आधी घुमल्यावानी आवाज आला, मग धरणी हालली." लहानपणी मला वाटायचं, म्हातारी रंगवून सांगतेय. बरोबर होतं तिचं. भूकंपाची पहिली लहर दाबाची असते, म्हणजे आवाजाचीच जात. ती वेगाने येते, तिचा थोडा भाग हवेत उतरतो आणि कानाला घुमतो. जोरात हलवणारी लहर मागून येते. या दोघींमधल्या सेकंदांवरून अंतर निघतं. तीन-चार ठिकाणची अंतरं जुळवली की भूकंपाची जागा. हायड्रोफोन वेळेच्या फरकावरून दिशा काढतात आणि हे अंतर, एवढंच.

धरणाच्या आतल्या गॅलरीत एक यंत्र होतं, त्याने तो धक्का कागदावर उतरवला. गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पटीहून जास्त. डिझाइन करताना आडवा जोर धरला होता ०.०५. वरच्या भागात भेगा पडल्या, धरण मात्र उभं राहिलं. नंतर त्याला मागून टेकू देऊन मजबूत केलं. बीटेकला असताना 'अबॅकस' सॉफ्टवेअरचं मॅन्युअल उघडलं, तर धरणाच्या भूकंप-विश्लेषणाचं उदाहरण काय? कोयना! जगभरची पोरं आपल्या धरणाच्या भेगा कॉम्प्युटरवर पाडून शिकतात. हॉस्टेलवर मी हे पाच जणांना दाखवलं असेल. आजीला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "बरं. जेवलास का?"

पाण्याने भूकंप होतो का, यावर खूप वाद झाले. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या संशोधकांनी हयात घालवली यात. ढोबळ उत्तर असं: ताण खडकात आधीपासून असतो, पाण्याचं वजन आणि भेगांत मुरलेलं पाणी त्याला निमित्त देतं. नवल म्हणजे हे सगळं साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यातच घडत राहिलं. ५ च्या वरचे वीसेक धक्के तिथेच झालेत.

म्हणून कराडजवळ हजारमाचीला भारत सरकारची बोअरहोल प्रयोगशाळा उभी राहिली. वर वारा, गाड्या, माणसं, सगळा गोंगाट. मग सेन्सर सुमारे दीड किलोमीटर खोल विहिरींत सोडले. समुद्रातही हायड्रोफोन लाटांच्या गोंगाटापासून खाली, शेकडो मीटर खोल टांगतात, कारण तिथल्या थरात आवाज अडकून लांबवर जातो. २०१७ मध्ये गोठण्याला तीन किलोमीटरची विहीर पूर्ण झाली. वर सव्वा किलोमीटर काळा बेसॉल्ट, खाली ग्रॅनाइट. भूकंप जिथे जन्मतात ते अजून खाली.

पुढचा धक्का कधी, हे तारीख-वेळेसकट सांगणारं कुणी नाही. तरी दर धक्क्यानंतर सांगलीतल्या आमच्या ग्रुपवर "धरण फुटलं" येतंच. मी तेव्हा भूकंपाचे अधिकृत आकडे टाकतो. काकाचा अंगठा येतो, मग गुड मॉर्निंगचा फोटो.