मात्रा कुणी ठरवायची?

सकाळी अनशापोटी घ्यायच्या थायरॉईडच्या गोळीची वंशावळ शोधू लागलो, की आपण आधी पोहोचतो ते १८७३ च्या लंडनला. प्रौढ स्त्रियांना येणारी विलक्षण सूज आणि मंदपणा यांचे वर्णन सर विल्यम गल यांनी तेथे केले. कारण मात्र स्वित्झर्लंडमध्ये उलगडत गेले. बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडासाठी अख्खी ग्रंथीच काढून टाकत, आणि त्यांच्या सफाईचे कौतुकही होई. १८८२ मध्ये जिनिव्हाच्या रेव्हेर्दाँ यांनी सावध केल्यावर कोखर यांनी जुन्या रुग्णांना तपासणीसाठी परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी गमावलेल्यांपैकी बहुतेक सुजलेले, सुस्तावलेले निघाले. कोखर यांनी ते १८८३ मध्ये स्वतःच जाहीर केले. त्यांच्या १९०९ च्या नोबेलपेक्षा मला हे बोलावणे मोठे वाटते.

१८९० मध्ये लिस्बनच्या बेतेन्कूर आणि सेरानो यांनी मेंढीची ग्रंथी एका रुग्णेच्या त्वचेखाली रोवली. दुसऱ्याच दिवशी उतार दिसला. इतक्या लवकर ग्रंथी रुजणे शक्य नव्हते. म्हणजे गुण तिच्या रसाचा, असे न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी ताडले. १८९१ मध्ये त्यांनी ४६ वर्षांच्या एका बाईला तो अर्क टोचला. पुढे तो तोंडावाटे देता येऊ लागला. ही बाई १९१९ पर्यंत, वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत जगली. तोवर तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या होत्या. मात्रा ठरे ती सूज, नाडी, वजन पाहून आणि रुग्णाला काय वाटते ते विचारून. दुसरे मापच नव्हते.

१९१४ च्या नाताळात अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ केंडल यांनी ग्रंथीतले संप्रेरक, थायरॉक्सिन, वेगळे काढले, १९२७ मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवले; तरी वाळवलेल्या ग्रंथीच्या गोळ्या पुढेही अनेक दशके चालल्याच. खरे वळण थायरॉईडला चालना देणाऱ्या संप्रेरकाच्या, म्हणजे टीएसएचच्या, रक्तचाचणीने आणले. अनेकांना गरजेपेक्षा जास्त औषध जाते आहे हे तिने दाखवले, मात्रा उतरल्या, हृदय आणि हाडे यांना असलेला धोका टळला. त्याच सुमारास, १९७० मध्ये, शरीर थायरॉक्सिनपासून (टी-४) टी-३ हे दुसरे थायरॉईड संप्रेरक स्वतः बनवते हे सिद्ध झाले आणि एकट्या थायरॉक्सिनवर भिस्त ठेवणे रीतसर ठरले. पण मरे यांच्या रुग्णेला जे विचारले जाई, ते विचारणे हळूहळू मागे पडले. आपल्याकडेही लॅबच्या रिपोर्टवर आकडा ‘नॉर्मल’ दिसला, की थकव्याची तक्रार वयाच्या नाहीतर मनाच्या खात्यावर जाते.

१९९९ मध्ये लिथुआनियातील एका छोट्या अभ्यासात टी-३ ची जोड दिलेल्या रुग्णांना अधिक बरे वाटले. नंतरच्या अभ्यासांनी त्याला एकमुखाने दुजोरा दिला नाही, म्हणून डॉक्टरांचा सावधपणा निराधार म्हणता येणार नाही. तरीही रुग्ण गप्प बसले नाहीत. २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेपुढे निदान आणि उपचार सुधारण्यासाठी त्यांची याचिका दाखल झाली. इंग्लंडमध्ये मात्र त्याच टी-३ च्या एका पाकिटाची किंमत २००९ मधील सुमारे २० पौंडांवरून २०१७ पर्यंत २४८ पौंडांवर गेली होती. २०२१ मध्ये स्पर्धा नियामकाने संबंधित कंपन्यांना १० कोटी पौंडांहून अधिक दंड केला. तोवर काही रुग्णांपुढे दोनच वाटा उरल्या होत्या: औषध बंद होऊ देणे, नाहीतर ते पदरचे पैसे मोजून घेणे.