तेजोमेघाच्या फोटोची कुळकथा

अमरावती जिल्ह्यातल्या शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागांत मृग बहार फुटायच्या दिवसांत सूर्य मृग नक्षत्रापाशी असतो, त्यामुळे मृग काही दिसत नाही. तेच नक्षत्र डिसेंबरात जवळजवळ रात्रभर आभाळात असतं. त्याच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धुरकट ठिपका आहे. तो मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा. तेजोमेघांचे फोटो काढायची विद्या याच ठिपक्यापासून सुरू झाली, आणि ती सुरू केली हौशी मंडळींनी.

कॅमेरा १८३९ पासून होता, पण दोन गोष्टी आडव्या येत होत्या. एक म्हणजे तेव्हाची ओली प्लेट दहा-पंधरा मिनिटांत सुकून निकामी व्हायची. तेवढ्यात तेजोमेघाचा उजेड काय साठणार? १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानं जिलेटिनची कोरडी प्लेट पुढं आणली आणि ती अडचण सुटली. दुसरी अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. चार मिनिटांत आभाळ एक अंश सरकतं. दुर्बीण घड्याळाच्या यंत्रावर त्याच चालीनं फिरवली नाही, तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात.

न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर या वैद्यक शिकलेल्या गृहस्थानं ३० सप्टेंबर १८८० रोजी ११ इंची दुर्बिणीतून ५१ मिनिटं प्लेट उघडी ठेवली. तेजोमेघाचा हा पहिला फोटो. १८८३ मध्ये लंडनजवळच्या इलिंगमध्ये अँड्र्यू कॉमन या सांडपाण्याच्या कामांतल्या इंजिनिअरनं ३६ इंची आरसा वापरून त्यावर ताण केली. नुसत्या नजरेला दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे त्याच्या प्लेटवर आले. मग बांधकाम व्यवसायातल्या आयझॅक रॉबर्ट्सनं १८८८ च्या डिसेंबरात, तेव्हा तेजोमेघ समजल्या जाणाऱ्या देवयानीचा फोटो घेतला, तेव्हा तिचे सर्पिल पट्टे स्पष्ट झाले. ही नवी सूर्यमाला घडते आहे, असं त्याला वाटलं. ती स्वतंत्र दीर्घिका आहे हे कळायला एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाची १९२३ ची प्लेट यावी लागली.

त्याच १८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी वेधशाळा उभी केली. भावनगरच्या महाराजांनी देणगी दिली म्हणून ती महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. तिथून त्यांनी मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि निष्कर्ष १८९१ मध्ये लंडनला छापून आले. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली, तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यातली हौस मात्र टिकली. १९४४ मध्ये तिथंच ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली.

१९६९ मध्ये बेल लॅबमध्ये सीसीडी ही उजेड टिपणारी चिप जन्मली आणि प्लेटची जागा पुढं चिपनं घेतली. आता एकच लांब एक्स्पोजर द्यायची गरज नाही. तीस-तीस सेकंदांच्या १०२ फ्रेम काढा, ड्रेपरची ५१ मिनिटं भरतात. सॉफ्टवेअर ताऱ्यांवर तारे जुळवून त्या एकमेकींवर रचतं. यालाच स्टॅकिंग म्हणतात. शंभर फ्रेम रचल्या की एका फ्रेमच्या तुलनेत खरा उजेड कणीदारपणापेक्षा दहापट वरचढ ठरतो. मधून एखादं विमान गेलं तर तेवढीच फ्रेम टाकून द्यायची. ड्रेपरची अख्खी प्लेट वाया गेली असती.

आभाळाचा पाठलाग मात्र आजही चुकत नाही. तीस सेकंदांची फ्रेम हवी तर ट्रायपॉडवर ट्रॅकर लागतो आणि त्याचा अक्ष ध्रुवाकडं लावावा लागतो. शेंदूरजनाघाटहून ध्रुवतारा उत्तरेला सातपुड्याच्या बाजूला साधारण साडेएकवीस अंशांवर दिसतो, कारण गावाचा अक्षांशच तेवढा. देवयानी इथं डोक्याजवळून जाते, म्हणजे हवेचा थर कमी आड येतो. याच सातपुड्यात पूर्वेला असलेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. इतका अंधार गावात मिळायचा नाही; पण बागेतला मोठा एलईडी दिवा तासभर बंद ठेवला, तर साध्या डीएसएलआरलाही मृगाचा तेजोमेघ सापडतो.